दुसऱ्यांदा बोटीत बसताना: मुंबईचं क्रूझ आणि आमचा भेडाघाट

जबलपूर नकाशावर शोधा आणि मग समुद्र शोधा. दोघांमध्ये किती अंतर आहे ते दिसलं ना? मुंबईला पोहोचायलाच आम्हाला गाडीत पंधरा-सोळा तास काढावे लागतात. तरीही आमच्या ओळखीच्या मराठी घरांमधली बरीच मंडळी क्रूझला जाऊन आली आहेत. कुणी निवृत्तीनंतर, कुणी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, तर कुणी मुलाने तिकीट काढून दिलं म्हणून. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली तेव्हा इकडे नुसती चर्चा होती. मग त्याहून मोठी जहाजं आली आणि चर्चेचं बुकिंग झालं.

पहिल्यांदा जाऊन आलेल्यांना काही विचारू नका. त्यांच्याकडे फक्त फोटो असतात. खरी माहिती हवी असेल, तर दुसऱ्यांदा जाऊन आलेल्यांना गाठा. पहिल्या वेळी माणूस जहाज बघतो, दुसऱ्या वेळी हिशोब बघतो.

आमच्या शेजारच्या काकू दोनदा जाऊन आल्या. त्यांचं म्हणणं, चढल्या दिवशी दुपारी बुफेवर तुटून पडायचं नाही. सगळे तेच करतात, रांग लागते आणि पोट भरल्यावर रात्रीच्या बसून जेवायच्या हॉलमधलं चांगलं जेवण वाया जातं. आधी रिकामी प्लेट न घेता पूर्ण एक फेरी मारायची. जैन आणि शाकाहारी पदार्थ कुठे आहेत, गरम फुलके कुठे मिळतात, ते बघून ठेवायचं. काका मात्र दोन्ही वेळा एकच वाक्य बोलले, ‘‘वरण-भात मिळाला, पण वरणाला आपली चव नव्हती.’’ हजारो लोकांसाठी शिजणाऱ्या स्वयंपाकघराकडून घरच्या वरणाची अपेक्षा करणं मला जरा जास्तच वाटतं, पण काकांना हे कोण सांगणार!

सेवेबद्दल मात्र दोघांचंही एकमत आहे. खोली आवरणारा मुलगा दुसऱ्या दिवसापासून नावाने हाक मारतो, टॉवेलची घडी घालून हत्ती किंवा हंस करून ठेवतो. काकूंना त्या हत्तीपेक्षा एका गोष्टीचं जास्त कौतुक वाटलं. काकांच्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या असतात, हे त्यांच्या टेबलावर वाढणाऱ्याने एकदा ऐकलं आणि नंतर न सांगता आधी कोमट पाणी आणून ठेवलं.

तुम्ही जाणार असाल, तर पैशांचं एवढं लक्षात ठेवा. तिकिटात खोली, मुख्य हॉलमधलं जेवण आणि बुफे साधारणपणे येतं. बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि कर बुकिंग करताना वेगळे दाखवले जातात. थंड पेयं, खास रेस्टॉरंट, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे बहुतेक वेळा वेगळे पडतात. मुलं ‘‘हे घेऊ का?’’ म्हणतात आणि रक्कम तुमच्या कार्डावर चढत राहते. दुसऱ्यांदा जाणारे म्हणून रोज संध्याकाळी काउंटरवर जाऊन आजवरचं बिल विचारतात. यात लाजण्यासारखं काही नाही.

मुंबई-गोवा समुद्रप्रवास मराठी माणसाला नवीन नाही, हे विसरू नका. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ‘कोकण बोट’ माहीत होती. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत ती जायची. कितीतरी ठिकाणी बोट धक्क्याला लागायचीच नाही. पडावात उतरून किनारा गाठावा लागायचा. जेवणाची सेवा म्हणजे आपल्याच गाठोड्यातली भाकरी आणि चटणी.

आता आमच्या बोटीकडे येते.

जबलपूरहून वीस-पंचवीस किलोमीटरवर भेडाघाट आहे. नर्मदा तिथे संगमरवराच्या कड्यांमधून साधारण तीन किलोमीटर वाहते. दोन्ही बाजूंना शंभर फुटांपर्यंतचे कडे, पांढरे, राखाडी, कुठे गुलाबी, कुठे निळसर काळे. पंचवटी घाटावरून वल्ह्याची नाव निघते, पाऊण-एक तासात फिरवून आणते. ‘जिस देश में गंगा बहती है’ हा १९६० चा सिनेमा पाहिला असेल, तर हे कडे तुम्ही आधीच पाहिलेत. शाहरुख खानच्या ‘अशोका’तही ते आहेत.

जबलपूरच्या माणसाला इथे एकदाच जाणं शक्यच नाही. नागपूरची आत्या आली, पुण्याचा मामेभाऊ आला, ताईच्या सासरचे आले की न्यायचं कुठे? भेडाघाटला. मी किती वेळा गेले ते आता मोजत नाही. त्यामुळे क्रूझवाल्या काकूंसारखं मलाही इथल्या सेवेबद्दल बोलायचा हक्क आहे असं मी समजते.

इथली सेवा म्हणजे नावाड्याचं बोलणं. तो वल्हं मारतो आणि यमकं जुळवत हिंदीत गोष्ट सांगतो. हा कडा हत्तीसारखा, ती शिळा गाडीसारखी, ही बंदरकूदनी, इथून माकडं या काठावरून त्या काठावर उडी मारायची. मग भूलभुलैया येतो. समोर रस्ता बंद दिसतो आणि नाव अगदी जवळ गेल्यावर वाट उघडते. मला हे सगळं पाठ आहे. पण चांगला नावाडी कोणता, हे पाचव्या-सहाव्या फेरीनंतरच कळतं. कामचलाऊ नावाडी ठरलेलं म्हणून टाकतो. चांगला नावाडी आधी तुमचं बोलणं ऐकतो. मराठी कानावर पडलं की ‘‘नागपूर या पुणे?’’ विचारतो आणि नागपूर म्हटलं की संत्र्यांवर एक ओळ जागच्या जागी जुळवतो. लहान मूल घाबरलं असेल, तर त्याला विनोद सोडून माकडाची गोष्ट आधी सांगतो. मग मला वाढप्याच्या त्या कोमट पाण्याची आठवण येते.

आणि इथे एक गोष्ट मला खटकते. जहाजाचं सेवाशुल्क आपण चकार शब्द न काढता भरतो. त्याच घरातली माणसं पंचवटी घाटावर उभं राहून नावेच्या भाड्यातले पन्नास रुपये कमी करायला वीस मिनिटं घालवतात. पावसाळ्यात नदी फुगते, तेव्हा नावा बंद असतात, म्हणजे जवळपास तीन महिने ही कमाई थांबते. वल्हं मारणारे हात तेच, गोष्ट सांगणारा घसाही तोच. घासाघीस करा, पण फेरी आवडली असेल तर उतरताना त्याच्या हातावर वेगळे काही ठेवा.

लाइफ जॅकेटबाबत मात्र घासाघीस नको. फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून ते काढून मांडीवर ठेवणारे मी प्रत्येक फेरीत पाहते. पाणी शांत दिसतं, पण ते खोल आहे. जॅकेट घाला, पट्टे बांधा, लहान मुलांचे स्वतः तपासा. नाव जास्त भरलेली वाटली, तर पुढची घ्या.

घरात वयस्कर माणसं असतील, तर आणखी एक विचार करा. घाटाच्या पायऱ्या उतरायच्या आहेत आणि डुलणाऱ्या नावेत पाऊल टाकायचं आहे. माझी आजी लग्न होऊन नागपूरहून इथे आली, तेव्हा आजोबा शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात होते आणि तिने पहिली नावेची फेरी नऊवारीत केली होती. आता तिचे गुडघे नाही म्हणतात. मागच्या हिवाळ्यात आम्ही सकाळी लवकर गेलो, गर्दी नव्हती. वडिलांनी एका बाजूने आणि नावाड्याने दुसऱ्या बाजूने धरलं. एकेक पायरी करत दहा-बारा मिनिटं लागली. मागच्या नावेतले लोक हाका मारत होते, आमचा नावाडी मात्र ‘‘आराम से, अम्मा’’ एवढंच म्हणत राहिला. फेरीत त्याने गोष्टी निम्म्याच सांगितल्या, कारण उरलेल्या आजीनेच त्याला सांगितल्या.

चौसष्ट योगिनीच्या दहाव्या शतकातल्या मंदिरात तिला नेलं नाही. शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. तुमचे पाय चांगले असतील, तर चुकवू नका.

राहिलं जेवण. नावेत काही मिळत नाही आणि ते बरंच आहे. धुआंधार धबधब्याजवळ भाजलेलं कणीस खा. मग शहरात परता. वाटेत तेवर गाव लागतं, म्हणजेच जुनी त्रिपुरी. १९३९ चं काँग्रेस अधिवेशन या त्रिपुरीच्या नावाने ओळखलं जातं आणि त्याची आठवण म्हणून शहरात कमानिया गेट उभं आहे. त्याच भागात खव्याची जिलबी मिळते. रंगाने काळपट, जाड, आतून मऊ. आपल्या पिवळ्या कुरकुरीत जिलबीशी तिचं नातं फक्त आकाराचं. बडकुल यांचं दुकान त्यासाठी प्रसिद्ध आहे. गरम असतानाच खा आणि एकाच वेळी दोन मागवू नका, खवा जड असतो. आधी मुगाचे गरम मंगोडे आणि हिरवी चटणी, मग जिलबी, असा आमच्या घरचा क्रम आहे.

ऑक्टोबर ते मार्च हे दिवस चांगले. पौर्णिमेच्या सुमारास रात्री नावा सोडतात का, ते घाटावर आधी विचारून घ्या, कारण ते पाण्यावर आणि परवानगीवर अवलंबून असतं. आणि नावेत बसल्यावर मराठीत जरा मोठ्याने बोला.