पोरीच्या मापाची फ्रेम

आमच्या घरात आता दोन सायकली आहेत. एक आबांची, काळी, चोवीस इंची. ती ओसरीत भिंतीला टेकून असते. दुसरी थोरल्या मुलीची. या दुसरीची फ्रेम निवडताना आम्हा नवरा-बायकोची महिनाभर जी उलघाल झाली, ती लिहीत आहोत. आपल्या वस्तीतील आणखी कोणा मुलीला हा नाद लागला, तर तिच्या आईबापांच्या उपयोगी पडेल.

थोरली शाळेकडून सायकल शर्यतीत उतरली आणि तिचा नंबर आला. तिचे सर म्हणाले, "सरावासाठी हिला फिक्स गिअरची सायकल करून द्या." आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मग त्यांनी समजावले. साध्या सायकलीला मागे फ्रीव्हील असते, पाय थांबवले तरी चाक धावते. फिक्समध्ये मागचे दातेरी चक्र हबला पक्के बसवलेले. चाक फिरते तोवर पेडल फिरणारच, उतारावरसुद्धा. पायाला उसंत नाही, म्हणून एकसारखे गोल पेडल मारण्याची सवय लागते. पुण्याला बालेवाडीच्या ट्रॅकवर अशाच सायकली धावतात आणि त्यांना ब्रेक नसतो.

ब्रेक नसतो हे ऐकून आमची झोप उडाली. पोरगी सराव करणार शहादा-प्रकाशा रस्त्यावर. गळीत हंगामात तिथे उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात.

पुण्याहून एकाने जुन्या ट्रॅक फ्रेमचा फोटो पाठवला. लाल, हलकी, देखणी. पोरगी त्या फोटोवर भाळली. पण पुढच्या चिमट्याला ब्रेकचे भोकच नव्हते, आणि टायर बोटभर रुंदीचे सोडून दुसरे मावणार नव्हते. गुळगुळीत ट्रॅकसाठी ते ठीक. आमच्या खड्ड्यांत ती आठवडाभर टिकली नसती.

मिस्त्री म्हणाला, "बाहेर कशाला शोधता? आबांची सायकल काढा." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. फिक्सची चेन ताणलेली लागते, आणि ती ताणायला चाक मागे-पुढे सरकवता आले पाहिजे. हल्लीच्या पुष्कळ गिअरच्या फ्रेमना खाच उभी असते. चाक एकाच जागी बसते. आबांच्या काळ्या सायकलीला मात्र मागे लांब आडव्या खाचा आहेत.

आम्ही हुरळलो. कारणही तसेच होते. आबांनी ती सायकल 1964 साली घेतली. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला तो 1998 साली. गावात वरच्या आळीतून जाताना आबांना उतरून सायकल हातात धरून चालावे लागे. लेखी हुकूम कोणाचा नव्हता, नजरेचा धाक होता. त्याच सायकलीवर नात शर्यतीचा सराव करते आहे, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलेना. अमेरिकेत मेजर टेलर नावाचा काळा सायकलपटू होऊन गेला. तिकडच्या मोठ्या सायकल संघटनेने 1894 साली काळ्या लोकांना सभासद करून घेणे बंद केले. हा गडी 1899 साली मॉन्ट्रियलला एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला, तोही फिक्स चाकावरच. संघटनेने ती बंदी रीतसर रद्द केली 1999 साली. ही गोष्ट पोरीला आम्ही अनेकदा सांगितली आहे.

पण पोरगी पाच फूट. चोवीस इंची फ्रेमवर तिचे पाय जमिनीला टेकेनात, दांडा टोचू लागला. त्यातून मिस्त्री म्हणाला, "आहे तेच फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम करतो." सरांनी साफ नकार दिला. फिक्सच्या हबवर चक्राबाहेर उलट्या आट्यांची आणखी एक रिंग असते. ती नसली तर पायाने उलटा जोर दिल्यावर चक्र आपोआप सुटते.

तरी आम्ही दोन दिवस घुटमळलो. शेवटी आजी ओरडली, "आबांनी त्यांच्या मापाची घेतली होती ना? मग पोरीला पोरीच्या मापाची घ्या!"

मग सापडली जुनी पोलादी रेसिंग फ्रेम, एकोणीस इंची. आडव्या खाचा, दोन्हीकडे ब्रेकची भोके, जाड टायरला जागा. मागची रुंदी 126 मिलिमीटर होती, फिक्सचा हब 120 चा. पोलाद असल्याने मिस्त्रीने जपून दाबून बसवली. ॲल्युमिनियमची असती तर हात लावू दिला नसता. लहान फ्रेमची एक खोड सरांनी आधीच सांगितली होती. हँडल वळवताना पायाचा पंजा पुढच्या चाकाला लागतो, आणि फिक्सवर पाय थांबवता येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी पोरीला बसवून, बूट घालून, हँडल दोन्हीकडे वळवून पाहिले. तिच्या लहान पायांना थोडा निसटता लागला. पेडलचे दांडे आखूड, 165 मिलिमीटरचे घातले तेव्हा सुटला. पुढे 42 दाती, मागे 16. एका फेऱ्याला साडेपाच मीटर जाते. बुद्धपौर्णिमेच्या कपड्यांचे पैसे यात गेले.

पहिल्याच सकाळी प्रकाशाच्या पुलाजवळ तिने सवयीने पाय थांबवले. पेडलने पाय असा उसळवला की पडता पडता वाचली. ब्रेक होता म्हणून सावरली. घरी येऊन हसत सांगत होती. आम्हाला हसू आले नाही.

तोरणमाळचा सात पायरी घाट या सायकलीवर उतरायचा नाही, असे तिच्याकडून कबूल करून घेतले आहे. चढायची मुभा आहे. येताना सायकल जीपच्या टपावर आणि ती आत.