खचती जमीन, चार स्प्रिंगा

इंग्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिरव्या टेकड्या, मेंढ्या आणि बिस्किटांच्या डब्यावर असतं ते टुमदार कॉटेज. केंब्रिजहून उत्तरेला पाऊण तास गाडी हाकलीत, की यातलं काहीही उरत नाही. टेकडी तर औषधालाही नाही. काळीभोर जमीन, पट्टीने आखल्यासारखे कालवे आणि वर अख्खं आभाळ. या भागाला फेन्स म्हणतात. एके काळी ही सगळी दलदल होती. पाणी उपसून उपसून तिची शेती केली, आणि तिथेच गोम आहे.

इथली माती म्हणजे पीट, म्हणजे हजारो वर्षं पाण्यात कुजत पडलेला पालापाचोळा. पाणी काढलं की ती सुकते, आकसते, हवेशी संयोग पावून अक्षरशः नाहीशी होते. पुरावा हवा असेल तर होम फेनला जा. तिथल्या बर्चच्या जंगलात एक लोखंडी खांब उभा आहे. १८५१ साली तो जमिनीत असा गाडला होता, की त्याचं डोकं जमिनीच्या बरोबरीला येईल. आज तो जवळजवळ ४ मीटर बाहेर आहे. खांब हलला नाही, जमीन खाली गेली. समुद्रसपाटीच्या खाली पावणेतीन मीटर असलेली ही जागा ब्रिटनमधली सगळ्यात खोल जमीन. खांबाला हात लावून वर पाहिलं की जाम विचित्र वाटतं. आपल्या पणजोबांच्या जन्माआधी इथली माणसं आपल्या डोक्यावरून चालत होती!

आता अशा जमिनीवर डांबरी रस्ता टाकला तर त्याचं काय होणार? तो लाटेसारखा होतो. लांबून सरळसोट दिसतो, पण गाडी घातली की होडीत बसल्यासारखं वाटतं. २०२२च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर तर केंब्रिजशायरमधल्या कितीतरी रस्त्यांना हातभर भेगा पडल्या. आणि कडेला कालवे. फॉर्टी फूट बँक, सिक्स्टीन फूट बँक अशी रस्त्यांची नावंच शेजारच्या कालव्यांवरून पडलेली. तोल गेला की थेट पाण्यात. इथे अशी माणसं गेली आहेत, गंमत नाही.

अशा ठिकाणी आमच्या एका मित्राने घर घेतलं. आणि घेतली केटरहॅम सेव्हन.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ही गाडी म्हणजे चार चाकं, एक इंजिन, दोन सीट आणि बाकी हवा. मूळ डिझाइन लोटसच्या कॉलिन चॅपमनचं, १९५७चं. १९७३मध्ये केटरहॅमने हक्क घेतले आणि तेव्हापासून ते ही गाडी बनवतायत. दार नाही, छप्पर असून नसल्यासारखं. वजन सुमारे ५५० किलो, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८००पेक्षाही शंभरेक किलोने कमी! बसलात की बूड रस्त्यापासून वीतभर वर. हात बाहेर काढला तर डांबराला लागतो. (लावू नका.)

मित्र पक्का पुणेकर, त्यात मेकॅनिकल इंजिनिअर. गाडी घेतल्या घेतल्या त्याने ती आणखी खाली बसवली आणि रेस ट्रॅकवाल्यांच्या कडक स्प्रिंगा टाकल्या. दिसायला सॉलिड! फोटोला शंभर लाइक्स. पण नोव्हेंबरात त्याची बायको ऑफिसातून परतताना फॉर्टी फूट बँकवर एका लाटेवरून गाडी उडाली, मागची चाकं टेकताना बाजूला सरकली आणि गाडी कालव्याकडे तोंड करून थांबली. कठड्याला लागली नाही, तिलाही काही झालं नाही. पण त्या दिवसापासून तिने किल्लीला हात लावला नाही. एप्रिलमध्ये मी गेलो तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "गाडी घेताना दोघांची म्हणाला होता. वजन मात्र स्वतःचंच धरलंय त्याने."

मला आधी हे टोमणं वाटलं. ते शंभर टक्के इंजिनिअरिंग होतं.

फंडा असा आहे. तेराशे किलोच्या सेडानमध्ये ७५ किलोचा माणूस बसला तर गाडीला सहा टक्क्यांचा फरक पडतो, तिला कळतही नाही. ५५० किलोच्या गाडीत तोच माणूस जवळजवळ १४ टक्के होतो. शिवाय सेव्हनमध्ये सीट मागच्या चाकांच्या अगदी पुढ्यात, त्यामुळे बहुतेक भार मागेच पडतो. म्हणून अशा हलक्या गाडीची उंची रिकामी असताना मोजण्यात अर्थ नाही. माणूस बसलेला असताना मोजायची. पण कुठला माणूस? मित्र ८८ किलो, वहिनी ५४. त्याच्या वजनावर लेव्हल केलेली गाडी ती एकटी बसली की ड्रायव्हरच्या बाजूला मागे सात-आठ मिलिमीटर वर उठणार. म्हणजे गाडी तिरकी. चार पायांचं टेबल डुगडुगतं ना, तसं समोरासमोरच्या दोन चाकांवर जास्त भार आणि उरलेल्या दोनांवर कमी.

आणि स्प्रिंगा? त्या पौंडांत मोजतात. १३० पौंडाची स्प्रिंग म्हणजे जी एक इंच दाबायला १३० पौंड लागतात, साधारण ५९ किलो. मित्राच्या मागच्या मूळ स्प्रिंगा १३०च्या, नंतर टाकलेल्या २००च्या. पुढच्या चाकांना हा आकडा सरळ लागू होत नाही हेही त्याने मला कागदावर काढून दाखवलं. तिथे स्प्रिंग तिरकी आणि आतल्या बाजूला बसते. चाक एक इंच उचललं आणि स्प्रिंग समजा पाऊण इंचच दबली, तर चाकाला जाणवणारा कडकपणा पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे निम्म्याच्या जरासा वर. दुकानातला आकडा बघून स्प्रिंग घेणारे इथेच फसतात.

पण स्प्रिंग निवडताना खरा प्रश्न पौंडांचा नसतो, गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होणार याचा असतो. घरगुती गाड्या सेकंदाला एक ते दीड वेळा डुलतात, म्हणून पोरं मागे झोपी जातात. आमच्या हिशेबाने या सेव्हनचा मागचा भाग मूळ स्प्रिंगांवर दोनदा, आणि कडक स्प्रिंगांवर अडीचहून जास्त वेळा. आता रस्ता घ्या. ताशी ६० मैल, म्हणजे सेकंदाला २७ मीटर. लाटा १३ मीटरवर असतील तर सेकंदाला दोन दणके. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो चढतो ना, तसंच.

"म्हणूनच कडक टाकल्या!" मित्र म्हणाला. "दोनाचं अडीच केलं की या लाटेतून सुटलो."

"आणि १० मीटरच्या लाटेत सापडलास," वहिनी स्वयंपाकघरातून.

बरोबर होतं तिचं. लाटा काही सोसायटीच्या पार्किंगसारख्या आखून दिलेल्या नसतात. झोका थांबवायचं काम स्प्रिंगचं नाहीच, ते शॉकअपचं. आणि साहेबांनी स्प्रिंगा बदलल्या पण शॉकअप तेच ठेवले होते. स्प्रिंग दीडपट कडक झाली की त्याच शॉकअपचा धाक जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होतो. त्यात गाडी खाली आणलेली, म्हणजे चाकाला वर जायला जागा कमी. जागा संपली की शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी ठोकळा टेकतो, स्प्रिंग असून नसल्यासारखी होते आणि चाक गाडीलाच उडवतं. नोव्हेंबरात नेमकं हेच झालं होतं. लाट, ठोकळा, उडी, आणि जमिनीवर आल्यावर न शमणारी उसळी.

चॅपमनच्या लोटसची ख्याती याच्या बरोबर उलटी आहे. मऊ स्प्रिंगा, चाकाला भरपूर हालचाल आणि तिला आवरणारे चांगले शॉकअप. १९६६पासून लोटसचा कारखाना शेजारच्याच नॉरफकमध्ये, हेथेलच्या जुन्या युद्धकालीन विमानतळावर आहे. तिकडचे गावातले रस्तेही काही मखमली नाहीत. माझं स्पष्ट मत, खाली बसलेली कडक गाडी ही पार्किंगमध्ये बघायची गोष्ट आहे.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. गॅरेजची जमीन पाण्याच्या लेव्हलने तपासली आणि एका चाकाखाली फरशीचा तुकडा घातला. हवा भरली, सेव्हनला जेमतेम १८ पौंड लागते. टाकी अर्धी. मूळ स्प्रिंगा परत बसवण्यात दुपार गेली, ते हातमजुरीचं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग आला वजनाचा प्रश्न. दोघांच्या मधलं, म्हणजे ७१ किलो, असं ठरलं. सीटवर पीटरबरोच्या इंडियन दुकानातून आणलेली बासमतीची वीस-वीस किलोची तीन पोती आणि आट्याची दहा किलोची एक. एक किलो सोडून दिला. बेल्ट लावल्यावर पोती भलतीच रुबाबदार दिसत होती.

मोजायचं ते जमिनीपासून चासीच्या नळीपर्यंत, ठरलेल्या चार जागी. पुढच्या मडगार्डपासून मोजलंत तर गेलात, कारण ती चाकाबरोबर वर-खाली होतात. शॉकअपच्या बाहेर आटे असतात, त्यावर एक कॉलर. हुकासारख्या पान्याने ती फिरवली की स्प्रिंगची बैठक वर-खाली होते. आधी ब्रशने आटे साफ करा, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे चावले जातात. आणि एक गैरसमज: कॉलर चढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर येते. एक कोपरा फिरवला की समोरचा कोपराही बोलतो. म्हणून थोडं फिरवा, गाडी पुढे-मागे ढकलून बसू द्या, पुन्हा मोजा. आमच्या बावीस फेऱ्या झाल्या. पुढून मागचं १५ मिलिमीटर उंच ठेवलं. इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, म्हणजे गाडीतला सगळ्यात खालचा भाग, आधी जमिनीपासून ६५ मिलिमीटरवर होता, तो ८०वर आणला. या देशात स्पीडब्रेकरला झोपलेला पोलिस म्हणतात, त्याच्या पोटावरून आता सुखरूप जाता येणार होतं.

फोटोत गाडी थोडी बावळट दिसायला लागली हे खरं. मित्राने दोनदा लांब जाऊन पाहिलं आणि काही बोलला नाही.

शेवटी चारही शॉकअपच्या दांड्यांना प्लास्टिकचा एकेक टाय घट्ट बांधला. दांडा आत गेला की टाय ढकलला जातो आणि तिथेच राहतो. चाक किती वर गेलं होतं याचा पंचनामाच.

रविवारी सकाळी धुकं होतं. मी शेजारच्या सीटवर बसायला निघालो तर वहिनी म्हणाली, "तू नको. तुझ्यासाठी मोजलेली नाही." पोती उतरवली, तिने सीट पुढे ओढली आणि निघाली. रॅम्झीकडून फॉर्टी फूटला. मित्र अंगणात चहाचा कप घेऊन उभा. चाळीस मिनिटं त्याने तो चहा प्यायला नाही.

आवाज आधी आला, मग कालव्याच्या बांधावरून दिवे. तिने गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि कोणाशी न बोलता मागच्या चाकाशी उकिडवी बसली. टाय आणि रबरी ठोकळा यांच्यामध्ये करंगळी घालून पाहिली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही.

"एक बोट शिल्लक आहे," ती म्हणाली. "पन्नासने गेले. साठने नाही जाणार मी तिथे, कुठलीही स्प्रिंग घाला." आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकून नवऱ्याला म्हणाली, "उद्या तू बसने जा."