सिद्ध झालं नाही म्हणे

माझ्या भाचीच्या पाठीवर पट्ट्याचा वळ उठला होता. तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. पण मी पडलो मामा. मामाचं बघणं कोर्टात घरचं ठरतं. शेजारणीनं मार ऐकला, पण ती साक्षीला येत नाही. तिला त्याच चाळीत दिवस काढायचेत. दवाखान्याच्या केसपेपरवर 'पडून लागले' असं लिहिलंय. पोरीला नेलं तेव्हा दाजी शेजारी उभे होते. बहीण दुसरं काय सांगणार होती? चौकीत एन.सी. लिहून घेतली, तीही आईला मारल्याची. पोरीचं नावच नाही त्यात.

दाजींकडे मात्र सगळे कागद आहेत. कायम नोकरी, पगाराची स्लिप, दोन खोल्यांची पावती. चौदा एप्रिलला माईक धरून बाबासाहेब सांगणारा माणूस. वस्तीतल्या बैठकीतही वडीलधारे म्हणाले, घरातलं घरात मिटवा, समाजाची बदनामी नको. दाजींचं म्हणणं, बायकोनं पोरगी पढवली. असं घडतच नाही असं मी म्हणत नाही. ताब्यासाठी खोटा आळ घेणारी माणसं त्याच व्हरांड्यात बघितलीत. म्हणून तर म्हणतो, तपासा. नीट तपासा.

तपासलं कसं? शनिवारी दोन तास, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेट. पोरगी बापाला बघून पळाली नाही. चॉकलेट घेतलं. झालं. अहवालात आलं, 'मूल वडिलांसोबत सहज वावरले.' अहो, मार खाणारं लेकरूसुद्धा बापाजवळ जातंच की! बापच आहे तो तिचा. माझी आये बाहेर बाकावर बसून बोलली, "तिच्या तोंडाला काय इचारता, पाठीला इचारा." ते कुणी लिहून घेतलं नाही.

मग हुकूम झाला. मारहाणीला प्रथमदर्शनी पुरावा नाही, सबब महिन्यातून दोन रात्री पोरगी बापाकडे मुक्कामाला.

कायदा वाईट आहे असंही नाही. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. त्याचं चौदावं कलम सांगतं, वाद सोडवायला कामी येईल असा कुठलाही जबाब, अहवाल, कागद न्यायाधीशाला घेता येतो, पुराव्याच्या कायद्यात तो बसो ना बसो. बाराव्या कलमात डॉक्टरची, समाजकार्यकर्त्याची मदत घेता येते. म्हणजे बिनकागदाच्या माणसासाठी दार ठेवलंय. पण दारात उभं राहिलं की पहिला सवाल तोच, पुरावा काय?

पोरांच्या पालकत्वाचा कायदा १९५६ चा. त्याच साली आम्ही हिंदू धर्म सोडला, आणि कायद्याचं नाव हिंदू, लागू बौद्धांनाही. असो. त्यात अज्ञान मुलाचं कल्याण सर्वांत आधी, असं लिहिलंय. सहा वर्षांच्या पोरीला कायदा 'अज्ञान' म्हणतो. पट्टा कुठल्या खिळ्याला टांगलेला असतो ते तिला बरोबर ठाऊक आहे. कल्याण मात्र मोजलं खोल्यांवर. बहीण चार घरची धुणीभांडी करते आणि आमच्या एका खोलीत राहते.

फौजदारी कोर्टात शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. मिळालाच पाहिजे, आमच्याच पोरांना विनाकारण आत टाकतात. पण इथं कुणाला तुरुंगात घालायचं नव्हतं. पोरगी रात्री कुठं झोपणार एवढंच ठरवायचं होतं. 'सिद्ध झालं नाही' म्हणजे 'घडलंच नाही' हे कुणी ठरवलं? २००८ साली नीलरतन कुंडू यांच्या प्रकरणात बापावर बायकोच्या मृत्यूचा खटला नुसता चालू होता, शिक्षा झाली नव्हती. तरी सुप्रीम कोर्टानं सांगितलं, पोराचा ताबा देताना तो खटला नजरेआड करता येणार नाही, आणि पोराची मर्जी विचारायला हवी होती. २०२४ साली त्याच कोर्टानं बजावलं, मूल दुसऱ्या पालकाविरुद्ध पढवलंय असं घाईनं ठरवू नका, त्याचे प्रसंग दाखवा. आमच्या वकिलानं दोन्ही निकाल जोडले. दाजींना एकही प्रसंग कुणी विचारला नाही.

पहिल्या मुक्कामाहून पोरगी आली ती बोललीच नाही. बहिणीनं अंघोळ घालताना अंग बघितलं. वळ नव्हता. आम्ही तसंच लिहिलं अर्जात, वळ नाही म्हणून. रात्री अंथरूण ओलं होतं, तेही लिहिलं. आणि मागणी केली की न्यायाधीशांनी पोरीला आपल्या खोलीत एकटीला बोलवावं, ना आम्ही ना दाजी. अर्जावर दुसऱ्या बाजूचं म्हणणं मागवलंय. तारीख पुढल्या महिन्याची आहे. मुक्काम त्याच्या आधी आहे.