टोमणा पोचतो का?



"फारच लवकर आलात हो!" हे आपल्याकडे उशिरा येणाऱ्याला म्हणतात. शब्द एक सांगतात, स्वर दुसरंच. आमची सूनबाई कन्नड घरातली. मराठी छान शिकली, पण नवीन असताना अशा बोलण्यावर मनापासून "थँक्यू" म्हणायची! शब्द कळले होते, टोमणा नाही. तो कळायला त्या घरात मुरावं लागतं.

समोर निदान चेहरा दिसतो, लिहिल्यावर तोही जातो. अमेरिकेत क्रुगर, एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ईमेलमधलं वाक्य उपरोधाचं की खरंच तसं, हे ७८ टक्के वेळा ओळखलं जाईल असं लिहिणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात ओळखलं गेलं ५६ टक्के, म्हणजे जवळजवळ छापा-काटाच! लिहिताना आपला स्वर आपल्याच कानात असतो, वाचणारीकडे नुसती अक्षरं जातात.

मला याची काळजी वाटते. लेकी-सुना लांब गेल्या, नाती मोबाइलवरच्या दोन ओळींवर आली. "आमची आठवण आली म्हणायची!" हे आपण मायेनं लिहितो आणि तिकडे एखादी रात्रभर जागते.

तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताच्या भावना सांगताना क्रोध, लोभ, भय यांच्याबरोबर हास्याचाही त्याग सांगितलाय, आणि विचारपूर्वक बोलणंही. थट्टेत खोटं सहज निसटतं ना!

टोमणा मारायचाच तर समोर बसवून, हातात चहा देऊन मारावा. लिहिताना मात्र सरळ लिहावं: "फोनची वाट पाहिली गं."