शंभरपैकी 92

बीड जिल्ह्यातल्या एका शाळेतली नववीची मुलगी. मनःस्वास्थ्यात तिला शंभरपैकी 92 मिळाले. तो आकडा मीच भरला होता, आणि तो आठवला की अजून राग येतो.

प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेची, 1998 सालची, जगभर वापरतात ती. गेल्या दोन आठवड्यांबद्दल 5 विधानं, प्रत्येकाला 0 ते 5 गुण, बेरजेला चारनं गुणायचं.

आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. घरी आजी आणि दोन धाकटे भाऊ. झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, या विधानावर ती म्हणाली, "चारलाच उठते की ताई, एक दिस लोळत नाही." पाच गुण. अंगात उत्साह? "पाणी, भाकरी, मग शाळा. बसतंय कोण?" पुन्हा पाच. मी विश्रांतीचं विचारत होते आणि ती आपण कामचुकार नाही याची ग्वाही देत होती. मला ते तिथंच कळलं. पण विधान फोड करून सांगायचं नाही, असं प्रशिक्षणात बजावलेलं. मी पुढचं विधान वाचलं.

कागद मिटल्यावर ती हळूच म्हणाली, "रातीला लई इचार येतेत. डोकं भणभणतं."

खरं उत्तर हे होतं. मी ते समासात लिहिलं, वर्गशिक्षिकेच्या कानावर घातलं. संगणकात आकडे चढले, समास गळला. बैठकीत आमच्या गावांची सरासरी शहरापेक्षा वर दिसली. "खेड्यात ताण कमी," कुणीतरी म्हणालं, माना डोलल्या. समुपदेशक शहरातल्या शाळांना मिळाले.

झिम्बाब्वेत शोना भाषेत याच 'लई इचारां'ना 'कुफुंगिसिसा' म्हणतात. पुढे गोव्यात 'संगत' संस्था उभारणाऱ्यांपैकी एक असलेले विक्रम पटेल 1990 च्या दशकात हरारेत होते. तिथं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोक आपला त्रास कोणत्या शब्दांत सांगतात ते आधी ऐकलं, मग 14 प्रश्नांची शोना प्रश्नावली बांधली. आम्ही मात्र इंग्रजी विधानं मराठीत आणली, मराठी पुन्हा इंग्रजीत करून ताडून पाहिली, जुळली म्हणून खूश झालो. 'ताजंतवानं' जुळणारच! फडावर गेलेल्या माणसांच्या घरात ते कसं ऐकू येतं, हे कुणी मुलींना विचारलं? असले फॉर्म घेऊन शाळेत जाणाऱ्यांनी पहिला दिवस नुसतं ऐकण्यात घालवावा, असं मी तेव्हापासून सांगत आले आहे.

गेल्या वर्षी पुण्यात शिकणाऱ्या भाच्याचा आवाज फोनवर बरा वाटला नाही. तीच 5 विधानं त्याला वाचून दाखवली. 36 आले. मी त्याच रात्री गाडी धरली. आकडा खरा असेल का, हे मनातसुद्धा आलं नाही.