दिसत नाही, म्हणजे नाही असं नव्हे

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले. तेव्हापासून जुने संगणक नव्याने उभे करायची घाई सुरू झाली आणि ओळखीच्या घरांतून मला फोन येऊ लागले. मी शिकवतो उर्दू आणि मराठी. संगणकाचा माझ्या पदवीशी संबंध नाही. पण वीसेक वर्षांपूर्वी उर्दूची नस्तालीक अक्षरं संगणकावर बसवायची होती, बसवून देणारं कोणी नव्हतं, म्हणून हात घातला. तेव्हापासून आंबागड-तुमसरकडे 'सरांना विचारा' हे ठरून गेलंय.

या फोनांमधली सर्वात सामान्य तक्रार एकच. पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉल सुरू केलं, आणि ऐन वेळी पडद्यावर इंग्रजीत वाक्य आलं: एकही ड्राइव्ह सापडला नाही. लोक याचा अर्थ 'डिस्क मेली' असा घेतात आणि नवीन आणायला निघतात. माझी विनंती आहे, निघू नका. ते वाक्य फक्त एवढंच सांगतं की इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामला डिस्क दिसली नाही.

मग खरी पारख कुठे करायची? बायोसमध्ये. संगणक सुरू होताना एफ२, डिलीट किंवा कंपनीने ठरवलेली कळ दाबली की तो उघडतो. तिथे डिस्कचं नाव दिसलं, तर डिस्क जोडलेली आहे आणि अडचण बहुधा पुढे, ड्रायव्हरमध्ये आहे. तिथेही नाव नसेल, तर आधी झाकण उघडून वायर बघायची. या दोन वाटा वेगळ्या आहेत आणि त्या पहिल्या पाच मिनिटांत वेगळ्या केल्या, तर पुष्कळ पैसे वाचतात.

पहिल्या वाटेचं उदाहरण माझ्या एका माजी विद्यार्थिनीचं. तिच्या वडिलांनी उधारी करून तिला कॉलेजसाठी लॅपटॉप घेऊन दिला होता. फोनवर तिचा आवाज रडवेला. "सर, डिस्कच नाही म्हणते जी. अब्बूंना काय सांगू?" बायोसमध्ये डिस्क दिसत होती. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची व्यवस्था सुरू असते. डिस्क तिच्या मागे असते आणि तिचा ड्रायव्हर जवळ नसेल, तर विंडोजच्या इन्स्टॉलरला समोर काहीच दिसत नाही. उपाय सोपा आहे. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलचा 'रॅपिड स्टोरेज' ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवायचा, त्याच पेनड्राइव्हवर टाकायचा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवायचा. लोक अडकतात ते एका ठिकाणी: उतरवलेली ईएक्सई फाइल तशीच ठेवतात. इन्स्टॉलरला ती चालत नाही. उलगडून आतल्या आयएनएफ फाइलींचा फोल्डर द्यावा लागतो. तो दिला आणि डिस्क यादीत आली.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते. लॅपटॉप कोरा असेल तर हरकत नाही. पण त्यात आधीचं विंडोज आणि कामाच्या फाइली असतील, तर ते विंडोज सुरू होणं थांबू शकतं किंवा बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती किल्ली किती घरांत लिहून ठेवलेली असते? म्हणून भरलेल्या लॅपटॉपवर मी ड्रायव्हरचीच वाट धरतो.

दुसऱ्या वाटेचं उदाहरण एका निवृत्त उर्दू शिक्षकांचं. त्यांच्या डेस्कटॉपमध्ये अनेक वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. उर्दू इनपेजमध्ये, मराठी जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये, आणि एक उर्दू-मराठी शब्दांची वही, जी ते मुलांसाठी हळूहळू वाढवत गेले होते. कागदावर यातलं काहीच उरलेलं नव्हतं. एका दुकानदाराने डिस्क खराब सांगून नवीन टाकायचा सल्ला दिला होता. मास्टरसाहेब मला एवढंच म्हणाले, "मशीन गई तो गई बेटा, पर्चे बचा लो।"

बायोसमध्ये डिस्क नव्हती. घड्याळ मात्र कित्येक वर्षं मागे होतं, म्हणजे मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला. तो संपला की प्लग काढल्यावर बायोसच्या सेटिंगा मूळ जागी जातात. झाकण उघडलं, धूळ झाडली, साटा वायर दोन्ही टोकांनी काढून घट्ट बसवली आणि सेल बदलला. डिस्कचं नाव आलं. तरी इन्स्टॉल केलं नाही. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवलं, ते डिस्कवर न बसवताही चालतं, आणि सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घेतल्या. मग पुढचं काम.

हा क्रम सोडू नका, कारण डिस्क दिसू लागली की खरा धोका सुरू होतो. यादीत डिस्क ०, डिस्क १ असे नुसते आकडे असतात. घाईत भलत्याच ओळीवर 'फॉरमॅट' दाबलं, तर घरातले फोटोही जातात. आकारावरून डिस्क ओळखा, आणि जिच्यात जपायच्या गोष्टी आहेत तिची वायर तेवढ्यापुरती काढूनच ठेवा.

हे काम करताना एक वाक्य मला नेहमी आठवतं. नागपूरच्या गाडीत, सभेत, प्रशिक्षणात कोणी तरी कौतुकाने म्हणतं, "तुम्ही मुस्लिम असून मराठी छान बोलता." माणूस चांगला असतो, त्याला वाईट म्हणायचं नाही. पण त्या 'असून'मध्ये अशी कल्पना आहे की मराठी बोलणारा मुसलमान नसतोच. आमच्या गावाशेजारचा आंबागड किल्ला १७००च्या सुमारास राजखान पठाणाने बांधला. तो देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाचा सुभेदार. गोंड राज्य, पठाण सुभेदार आणि आज त्याच्या पायथ्याशी मराठी बोलणारं गाव. हे सगळं इथे आहेच. बघणाऱ्याजवळ ओळखायचं साधन नसतं, एवढंच.

मास्टरसाहेबांची शब्दांची वही आता आम्ही युनिकोडमध्ये उतरवतोय. उर्दू ते वाचतात, मराठी मी टाइप करतो. 'अलिफ' संपला, 'बे' सुरू आहे. दर आठवड्याला तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर जातात.