एकच पिल्लू

गोव्यातल्या आम्हां मराठी मंडळींना पाकट मासा नवा नाही. त्याच्याच गोतातल्या एका माशाला मात्र इंग्रजीत ‘डेव्हिल रे’, म्हणजे सैतान पाकट म्हणतात. नाव ठेवणाऱ्यांचा मला रागच येतो! डोक्यापुढची ती दोन शिंगं म्हणजे खरे तर पर. पोहताना गुंडाळलेले, खाताना उलगडून प्लवंग तोंडात वळवणारे. मांटा याचाच थोरला भाऊ, 7 मीटरपर्यंत रुंद, पण खाणं तेच बारीकसारीक.

बांगड्याची अंडी हजारांनी मोजावीत. इथे मादी सुमारे वर्षभर पोटात वाढवते आणि बहुधा एकच पिल्लू देते. तेही दरवर्षी नाही. आणि हा मासा मरतो कशासाठी? त्याच्या कल्ल्यांतल्या जाळीदार पट्ट्या वाळवून चीनमध्ये औषध म्हणून विकतात. गुण आल्याचा पुरावा काही नाही.

2016 साली सायटीस करारात सगळ्या सैतान पाकटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. बरं झालं. पण ट्यूनासाठी लावलेल्या जाळ्यातही तो अडकतो. त्याला श्वासासाठी सतत पोहत राहावं लागतं. जाळ्यात अडकून थांबला, की तिथेच गुदमरतो.